बुडायचा राहिलेला रविवार

आमच्या तुळिंजच्या बिल्डिंगमध्ये चार बायका चहाला बसल्या, की कोणीतरी म्हणतंच, "अगं, तो रविवार आठवतो का?" मग चहा गार होतो. एका रविवारचे एवढे किस्से कसे साठले, देव जाणे! हसायला मीच पुढे असते. पण त्या रविवारी गच्चीवर जपालाही मीच पुढे होते!

दोन हजार साल लागायला दोन-तीन महिने होते. तळमजल्यावरचे सामंतकाका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, दिवसभर पंचांग घेऊन गणितं मांडायचे. एका गुरुवारी सत्संगात त्यांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी सकाळी अकरा वीसला प्रलय! राजोडीच्या समुद्राकडून पाणी येणार. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून जायचं नाही. मनात राग ठेवून तर नाहीच नाही!"

माझा नवरा म्हणाला, "पाणी रेल्वे फाटकात अर्धा तास अडकेल. समुद्र वेस्टला, आपण ईस्टला." राग ठेवायचा नव्हता, तरी मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

*

वस्तू परत द्यायच्या, पण शेजारणीचं भांडं रिकामं कसं द्यायचं? शनिवारी सगळी बिल्डिंग गॅसपाशी! कोणाच्या वाटीत शिरा, कोणाच्या पातेल्यात खीर. जगबुडीच्या आदल्या दिवशी मला ॲसिडिटी झाली!

तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंकडे समोरच राहणाऱ्या धाकट्या जावेचा, विजयाचा, पितळी डबा होता. दोघींचा सात वर्षं अबोला. भांडण कशावरून, ते दोघींनाही धड सांगता यायचं नाही. कुसुमताईंनी डबाभर लाडू केले आणि समोरची बेल दाबली. दोघी दारातच गळ्यात पडून रडल्या. मी जिन्यात उभी राहून रडले. माझ्या हातात खीर होती, ती सांडली.

*

रविवारी सकाळी राजोडीची मासेवाली मावशी आली. मी हळूच विचारलं, "मावशी, समुद्राचं पाणी चढलंय का हो?"

"पानी? ओहोटी हाय बाय! पापलेट घेते का नुसता टाइम काढते?"

घेतलं नाही. दुपारी खायला कोण असणार होतं!

*

अकरा वीस. गच्चीवर सगळ्यांनी डोळे मिटले. अकरा पंचवीस. आणि खालून हॉर्न! तीन दिवस न आलेला पाण्याचा टँकर! जप तिथेच टाकून सगळे बादल्या घेऊन खाली. सगळ्यात पुढे सामंतकाका!

रांगेतून कोणीतरी विचारलं, "काका, प्रलय?"

काका बादली लावत म्हणाले, "पाणी आलं ना? किती येईल, ते मी बोललो नव्हतो!"

*

मी शाळेत शिकवते. रविवारी जग बुडणार म्हणून सहामाहीचे पेपर तपासलेच नव्हते. सोमवारी मुख्याध्यापिकांसमोर उभी राहिले. "बाई, घरी जरा अडचण होती..."

बाईंनी आधी दार लोटलं. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही पण गच्चीवर? अहो, माझे अजून पेपर तपासायचे राहिलेत, नववीचे!"

*

आता कुसुमताई. रविवारी संध्याकाळीच त्या परत विजयाच्या दारात गेल्या. "काल बोलले ते प्रलयापुरतं होतं हं!" म्हणाल्या आणि आपलं दार लावून घेतलं. विजया पण कमी नाही. दुसऱ्या दिवशी तिने डबा कुसुमताईंच्या उंबऱ्यावर ठेवला, बेल वाजवली आणि घरात पळाली. डब्यात शंकरपाळी. रिकामा कसा देणार!

दोन-तीन दिवस कुसुमताईंचा चेहरा उतरलेला. जिन्यात उगाच रेंगाळायच्या. समोरचं दार वाजलं, की आत जायच्या.

गुरुवारी सत्संगाला मी, कुसुमताई आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी, अशा तिघीच. सामंतकाकांनी वही मिटली. "आता गणित बंद. झाली तेवढी शोभा पुरे."

कुसुमताई एकदम उठल्या. "असं नका हो करू! पुढची तारीख काढा ना."

"कशाला?"

त्यांनी पदराखालून तोच पितळी डबा काढला. "आणि काका, जरा जवळचीच बघा. ओल्या नारळाचे लाडू आहेत, चार दिवस पण टिकत नाहीत!"