खिडकीजवळच्या आजोबांची साक्ष

पूर्वी विमानात माणसं जरा नीटनेटकी होऊन यायची. आता चपला काढून घरच्या पलंगावर पसरल्यासारखी पसरतात. आणि पसरायला जागा तरी आहे कुठे? कंपनीने रांगा इतक्या खेटून लावल्यात, की पुढच्याने पाठ टेकली की मागच्याचे गुडघे कामातून गेलेच. मग जो तो एकमेकांवर डाफरतो आणि सगळ्याचं खापर फुटतं मोठ्या ताईंच्या डोक्यावर.

मोठ्या ताई म्हणजे त्या विमानातल्या सगळ्यांत जुन्या हवाई सुंदरी. 'सुंदरी' म्हटलं की त्यांना स्वतःलाच हसू यायचं. पाय सुजायचे, केस रंगवावे लागायचे. पण घरी आई अंथरुणाला खिळलेली आणि कमावणारं माणूस एकच. मध्यंतरी एका प्रवाशाने त्यांची तक्रार केली होती. साहेबांनी तेव्हाच बजावलं होतं, "आणखी एक तक्रार आली, की तुमची नोकरी संपली." तेव्हापासून ताईंनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. कोणी कमरेत बोट टोचून हाक मारो, कोणी घाण डायपर हातात कोंबो, ताई आपल्या हसतमुख.

त्या दिवशी खिडकीजवळ एक आजोबा बसले होते. मागच्या तरुणाने आपला उघडा पाय सीटच्या फटीतून थेट त्यांच्या कोपरापाशी आणून ठेवला होता. आजोबा अंग चोरून भिंतीला चिकटले होते. ताई जवळून जाताना ते हळूच म्हणाले, "पोरी, याला जरा सांग ना गं. मला भीती वाटते."

ताईंना राहवलं नाही. "दादा, पाय खाली घ्या. आजोबांना त्रास होतोय."

"फुकट नाही आलोय मी," म्हणत त्याने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. "आता बोला परत."

ताई परत बोलल्या. आवाज थोडासा चढलाच.

विमान उतरलं आणि त्याने दारातच साहेबांना बोलावून घेतलं. आता ताईंची सगळी भिस्त आजोबांवर. ते सावकाश मागून येत होते. त्यांची जड बॅग त्या तरुणाच्याच खांद्यावर होती.

"आजोबा, या मुलाचा तुम्हाला काही त्रास झाला का?" साहेबांनी विचारलं.

आजोबांनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग मागून ढकलणाऱ्या गर्दीकडे. "छे हो. चांगला मुलगा आहे. बॅगसुद्धा त्यानेच काढून दिली मला."

साहेब ताईंकडे वळले. "उद्यापासून येऊ नका."

आईला आता काय सांगायचं, एवढंच ताईंच्या मनात आलं. रडायचं तर आडोसा लागतो, आणि माणसं अजून उतरत होती.

आजोबांनी जाता जाता त्यांच्या हातावर थोपटलं. "फार गोड मुलगी आहेस. पुढच्या खेपेला तूच असशील ना विमानात?"

"हो आजोबा," ताई म्हणाल्या. "सांभाळून उतरा."