खारं की गोडं

आमच्या नदीला भरती येते. पावसाळ्यात ती जाणवतही नाही, पण वैशाखात नदीकडे स्वतःचं पाणी उरत नाही आणि खाडीचं खारं पाणी वर चढतं. त्याच्याबरोबर मासे येतात. म्हणून शेजारचे अनंतकाका उन्हाळ्यात पाणी चाखत चाखत काठाने खाली जातात आणि खारं लागलं की तिथे जाळं टाकतात. दरवर्षी त्यांना नदीच्या खालच्या वळणापर्यंत तरी जावं लागतं.

काल संध्याकाळी आमच्या घाटावरच त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकून टाकलं, पुन्हा घेतलं.

"खारं आहे," ते म्हणाले, पण जाळं खांद्यावरच राहिलं.

काकूंनी बोट बुडवून जिभेला लावलं. "मला तर गोडंच लागतंय हो."

मागच्या तापापासून काकांना आमटीही खारट लागते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"तू बघ गो," ते मला म्हणाले.

मी चाखलं. आधी गोडं वाटलं, मग जिभेच्या कडेला काहीतरी खारट रेंगाळलं. ते पाण्याचं की ओठांवरच्या घामाचं, कळेना. नदी कुठे संपते ते नकाशात मी लगेच दाखवलं असतं. खारं म्हणावं, तर घाटालगतची त्यांची विहीर मचूळ व्हायला वेळ लागणार नाही. गोडं म्हणावं, तर काकांची जीभ गेली. नदीच्या मधोमध एक सुकं पान वरही जात नव्हतं, खालीही.

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुन्हा ओंजळ भरली.