ओरडमावशीचा चेहरा

"बाई, माझा चेहरा घेतलाय! आवाज नाही, चेहरा!"

मी दार उघडलं, तर समोरच्या घरातली ओरडमावशी चपला न घालताच उभी होती. मी काही विचारायच्या आत तिने माझे दोन्ही खांदे धरून मला दारातच एक गिरकी दिली. माझ्या हातातला चष्मा पडता पडता वाचला.

"कोणी घेतलाय? आणि परत कधी देणार?" मी म्हटलं.

"चेष्टा करू नका हो. सिनेमात! मोठ्या पडद्यावर! अख्खा चेहरा, कानासकट!"

मग ती माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, लगेच उठली, पाणी प्यायली आणि पुन्हा बसली. तिला असं उतावीळ झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी ती संथ बाई. तिच्या घरातून बाहेर पडतात ते आवाज मात्र संथ नव्हेत.

ओरडमावशी हे नाव तिला स्टुडिओतल्या लोकांनी दिलं आणि आमच्या इमारतीने ते आनंदाने उचललं. सिनेमात एखादी नटी जिन्यावरून पडते, तेव्हा पडते ती नटी आणि ओरडते ती आमची मावशी. भुताला पाहून फुटलेली किंकाळी, बाळंतपणाच्या कळा, नुकत्या जन्मलेल्या बाळाचा टाहो, हे सगळं त्या एका गळ्यातून येतं. एका सिनेमात आईच्या कळाही तिच्याच होत्या आणि बाळाचं रडणंही तिचंच. "त्या दिवशी मी मलाच जन्म दिला," असं ती संध्याकाळी घरी येऊन शांतपणे म्हणाली होती. इमारतीत कोणी नवा भाडेकरू आला, की ती आधी त्याला चहाला बोलावते आणि मग सरावाबद्दल सांगते. एकदा हा क्रम चुकला, तेव्हा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ हातात लाटणं घेऊन तिला वाचवायला धावत आले होते.

तिचं काम मी एकदा स्टुडिओत जाऊन पाहिलं आहे. आवाज न झिरपणारी लहानशी खोली, समोर माईक, आणि काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक. आत जाण्याआधी ती बांगड्या काढते, सळसळ करणार नाहीत असे जुने सुती कपडे घालते, तोंड कोरडं पडून जीभ टाळ्याला चिकटू नये म्हणून हिरव्या सफरचंदाची फोड चघळते. मग अनवाणी उभी राहते, हात पाठीमागे घट्ट धरते, डोळे मिटते. मान हलवायची नाही, कारण मान हलली की आवाज माईकपासून लांब जातो. डोळ्यांत पाणी आलं तरी नाक ओढायचं नाही. आणि त्या खांबासारख्या उभ्या बाईतून जी किंकाळी निघते, ती ऐकून माझ्या हातातला चहा बशीत सांडला होता.

तिला निवडलं ते एका तरुण दिग्दर्शिकेने. डोक्यावर उलटी टोपी घालणारी, सगळ्यांना मावशी आणि दादा म्हणणारी ती मुलगी भयपट करत होती. गरोदर बाईचा मेंदू अपघातात कायमचा थांबतो. श्वास यंत्र देतं, पोटात बाळ वाढत राहतं. रुग्णालयातला बडा डॉक्टर तिच्या आईला विचारतो, की बाळासाठी यंत्र चालू ठेवायचं का. प्रत्यक्षात त्याने कोणालाही न विचारता तिच्यावर नव्या औषधाचे प्रयोग सुरू केलेले असतात. पुढे त्या खोलीत रात्रंदिवस अंगाई ऐकू येऊ लागते आणि सिनेमा सुरू होतो. दिग्दर्शिका अंगाईचा आवाज ठरवायला स्टुडिओत आली होती. मावशी कोपऱ्यात बसून डबा खात होती. तिच्याकडे टक लावून पाहत ती मुलगी म्हणाली, "हीच त्या बाईची आई!"

"आणि काय आहे प्रसंगात?" मी विचारलं.

"डॉक्टर विचारतो आणि मी किंचाळते. असं किंचाळते, की खिडक्यांची तावदानं थरथरतात. बाई, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडातून ओरडले. आता माझ्या तोंडातून!"

या आनंदाला घरातच एक विरोधक होता. तिची लेक प्रसूती विभागात डॉक्टर आहे. हुशार, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी. तिला आईचा अभिमान आहे, पण असले सिनेमे अजिबात आवडत नाहीत.

"तुमच्या सिनेमातले डॉक्टर सुई टोचताना हसतात," ती जिन्यातच म्हणाली. "मग आमच्याकडे बायका साध्या तपासणीला थरथरत येतात. परवा एकीने विचारलं, माझं बाळ बदलणार तर नाही ना? मी पाहणार नाही हा सिनेमा."

"नको पाहूस. मला पाहा! मी आहे ना त्यात!"

"आई, तुला पाहायला मला तिकीट कशाला काढायला हवं?"

मावशीने तोंड वाकडं केलं, पण तिचा उत्साह तसूभरही कमी झाला नाही. कॅमेऱ्यासमोरच्या चाचणीला तिने सोबत म्हणून मला नेलं. चित्रीकरणासाठी एका बंद पडलेल्या कारखान्यात रुग्णालयाची खोली उभारली होती. पांढऱ्या भिंती, खाट, दिव्यांची उघडझाप करणारं खोटं यंत्र. डॉक्टर झालेला नट देखणा आणि खर्जातल्या आवाजाचा. त्याने आपलं वाक्य म्हटलं, "तुमच्या होकाराशिवाय आम्ही काहीही करणार नाही." मावशीने श्वास घेतला आणि किंकाळी फोडली.

दिवे धरून उभा असलेला माणूस दचकून मागे सरकला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दिग्दर्शिकेने मात्र टाळी वाजवली नाही. तिने आम्हाला छोट्या पडद्याजवळ बोलावलं, आवाज बंद केला आणि चित्र पुन्हा दाखवलं. पडद्यावर एक बाई डोळे मिटून, हात मागे बांधून, मान ताठ ठेवून उभी होती. तोंड मात्र उघडं. शाळेत प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या आज्ञाधारक मुली अशाच दिसत.

मावशी आधी खो खो हसली. मग पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं आणि हसणं थांबलं.

"मावशी, आवाज जीवघेणा आहे," दिग्दर्शिका हळू आवाजात म्हणाली. "पण चेहरा घरी राहिलाय. परवा चित्रीकरण आहे. तोवर जमलं नाही, तर मला बाळाची आजी म्हणून दुसरी कोणी घ्यावी लागेल. किंकाळी तुमचीच ठेवू, ते वचन."

परतताना बसमध्ये मावशी म्हणाली, "म्हणजे पुन्हा दुसरीच्या तोंडात माझा आवाज. बाई, मला हे नाही सोसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिच्या दिवाणखान्यात सरावाला लागलो. शिक्षिका म्हणून शाळेत स्नेहसंमेलनाची नाटकं बसवल्याचा अनुभव मी पणाला लावला. "डोळे मोठे करा. एक हात कपाळावर. आता दुसरा पुढे!" मावशीने दुसरा हात असा पुढे फेकला, की टेबलावरचा दिवा उलटून कोचाखाली गेला. आरशात पाहून ती म्हणाली, "ही तर रहदारी थांबवतेय!" डोळे उघडे ठेवले की आवाज फाटायचा, आवाज नीट लावला की हात आपोआप पाठीमागे जायचे. दुपारपर्यंत आम्ही दोघी घामाघूम.

तेवढ्यात लेक ड्यूटीवरून आली. दिवा उचलून जागेवर ठेवत तिने विचारलं, "कोण भांडलं?"

मावशीने तिचा हातच धरला. "तू सांग मला. तुझ्यासमोर अशा आया येतात ना? खऱ्या. तू त्यांना अशी बातमी देतेस. त्या काय करतात? चेहरा कसा होतो? हात कुठे जातात? मी अगदी तसंच करेन."

लेकीला कोणीतरी आठवलं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, मावशीलाही दिसलं.

"आहे ना कोणीतरी? सांग की गं! नाव नको, गाव नको."

"नाही आई."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. त्या बाई माझ्यासमोर रडल्या, कारण मी त्यांची डॉक्टर होते. ते दुःख त्यांचं आहे. मी ते उचलून तुला द्यायचं आणि तू पडद्यावर घालायचं? त्यांना विचारलंय का कोणी?"

मावशीने हात सोडला. रागावली होती. ती म्हणाली, "मग मी काय करू? उद्या हाकलतील मला."

लेकीने पिशवी खाली ठेवली. "तुमचा डॉक्टर कसा विचारतो?"

"उभा राहून. खिशात हात घालून."

"मी तशी विचारत नाही. मी कशी विचारते ते दाखवते. ते माझं आहे, ते मी तुला देऊ शकते. बस."

तिने आईला खुर्चीवर बसवलं आणि दुसरी खुर्ची ओढून इतकी जवळ घेतली, की दोघींचे गुडघे जवळजवळ लागले. मोबाइल बंद केला. मला वाटलं होतं, ती अभिनय करेल. तिने काहीच केलं नाही. रोज बोलते तशीच ती बोलली.

"मी तुमच्या मुलीची डॉक्टर. मला तुम्हाला वाईट बातमी सांगायची आहे. तुमच्या मुलीचा मेंदू थांबलाय. ती आता परत येणार नाही. श्वास दिसतोय तो यंत्राचा आहे. बाळ अजून फार लहान आहे. यंत्र चालू ठेवलं तर बाळ कदाचित वाचेल, कदाचित नाही. आम्ही अजून काहीही केलेलं नाही. आधी तुमच्याशी बोलायचं होतं."

मावशी लेकीकडे पाहत होती. समोर डॉक्टरही लेक आणि यंत्राखाली निजलेलीही लेकच. तिचे सवयीने पाठीमागे गेलेले हात कधी सुटले, ते मला कळलं नाही. एक हात पुढे आला आणि त्याने लेकीचं मनगट पकडलं. नाडी पाहतात तसं. नाडी सापडली, तरी सोडलं नाही. किंकाळी आलीच नाही. अगदी खालच्या आवाजात ती म्हणाली, "तिला विचारलंत का?"

लेकीचे डोळे भरले. "तिला विचारता येत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

मग दोघी एकदम भानावर आल्या. लेक म्हणाली, "आई, मनगट दुखतंय," आणि मावशीने ते सोडून तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "इतकं खरं बोलतात का कोणी आपल्या आईशी!"

जेवताना लेक पुन्हा सिनेमावर घसरली, पण आता सूर वेगळा होता. "हसणारा राक्षस दाखवू नका म्हणावं. घाबरायचंच असेल, तर आधी करून टाकून मग होकार मागायला येणाऱ्या माणसाला घाबरा. इतक्या गोड आवाजात मागतो, की कळतही नाही."

मावशीचा घास हातातच राहिला. "अगं, पण आमचा डॉक्टर तेच करतो!"

चित्रीकरणाच्या दिवशी तिने दिग्दर्शिकेला एकच विनंती केली. डॉक्टरने खुर्ची ओढून तिच्याजवळ बसावं. नटाने खांदे उडवले. ध्वनिमुद्रकाने किंकाळीच्या धास्तीने माईकचा आवाज आधीच कमी करून ठेवला.

"तुमच्या होकाराशिवाय आम्ही काहीही करणार नाही," नट गोड आवाजात म्हणाला.

मावशीने त्याचं मनगट धरलं. डोळे उघडे, मान पुढे. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि पाहतच राहिली. नट वाट पाहत होता किंकाळीची. ती येईना. त्याने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण तिची पकड सुटेना.

"तिला विचारलंत का?"

हे वाक्य पटकथेत नव्हतं. नटाने तोंड उघडलं, मिटलं आणि नजर जमिनीवर टाकली. त्याला पुढचं काही सुचलं नव्हतं, एवढंच. पण त्या क्षणी त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं, की या माणसाने आधीच काहीतरी केलंय.

दिग्दर्शिका टोपी हातात घेऊन उडी मारत आली. "हेच! हेच पाहिजे! दादा, तुम्ही खाली पाहिलंत, कमाल केलीत!"

"मी वाक्य विसरलो हो," नट मनगट चोळत म्हणाला. "मावशी, तुमचा हात आहे की पक्कड?"

"आणि किंकाळी?" ध्वनिमुद्रकाने हताशपणे विचारलं.

"नकोच ती इथे," दिग्दर्शिका म्हणाली. "आजी तुम्हीच, मावशी. आता पुढचे सगळे प्रसंग मला पुन्हा लिहावे लागणार!" मावशीने तिलाही एक गिरकी दिली.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही पहिल्याच खेळाला गेलो. माझ्या एका बाजूला मावशी, आणि तिच्या पलीकडे, हो, लेक. तिकीट तिने स्वतः काढलं होतं. "डॉक्टरला किती बदनाम केलंय ते पाहते," म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

तो प्रसंग आला. पडद्यावर मावशीचा चेहरा आला, कानासकट. मनगट पकडलं गेलं. शेंगा सोलणारे, कुजबुजणारे, सगळे थांबले. तिने विचारलं, त्याने नजर खाली टाकली, आणि मागच्या रांगेतून एक बाई मोठ्याने ओरडली, "अहो, याने आधीच केलंय!"

"हो ना!" लेक खुर्चीतून अर्धी उठून त्याहून मोठ्याने ओरडली. "आधीच केलंय!"

चारी बाजूंनी लोक शूऽ शूऽ करू लागले. ओरडमावशीने लेकीला ओढून खाली बसवलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"अगं, हळू," ती म्हणाली. "केवढ्याने ओरडतेस!"