ताटातली दोन कार्डं

सांगलीत विश्रामबागच्या मागच्या गल्लीत सुमंतचं भाड्यानं कॅसेट देण्याचं दुकान होतं. केबल घरोघरी पोचली आणि कॅसेटी धूळ खात पडल्या, तेव्हा बायको मयूरीच्या पाटल्या मोडून त्यानं मुंबईहून गेम खेळायचं मशीन आणलं. आत जादा चिप बसवलेलं. त्यामुळे कॉपी केलेल्या स्वस्त सीड्याही त्यावर चालत. त्या एका मशीनवर घर चाललं होतं.

नव्याण्णव साली समोरच नवं गेम पार्लर उघडलं. चार मशिनी, गुबगुबीत खुर्च्या. तरी सुमंतची गिऱ्हाइकं हलली नाहीत, कारण त्यांचे अर्धवट राहिलेले खेळ त्याच्या मेमरी कार्डावर जपलेले होते. काल जिथं सोडलं, तिथून आज पुढं खेळायचं. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी दादासो यांनी तर वर्षभर पडद्यावरच्या शर्यती मारून खेळातली एक लाल गाडी मिळवली होती. ते बसले की मागं घोळका जमे.

सुमंत धांदरट नव्हता. दर शनिवारी तो कार्डावरचं सगळं दुसऱ्या कार्डावर उतरवून घेई. एक बिघडलं तरी दुसरं हाताशी.

दसऱ्याला सकाळी मशीन पाटावर मांडलं.

"कार्डं दोन्ही ठेवू ताटात?" मयूरीनं विचारलं.

"ठेव की. पोट त्यांच्यावरच आहे."

त्यानं स्वतः दोन्ही कार्डांना हळद-कुंकवाची ओली बोटं लावली, फुलानं पाणी शिंपडलं. तेवढ्यात दारातून दादासोंची हाक आली, "सुमंतशेठ, आज मुहूर्ताचा दिस हाय. काडा माजी गाडी भाईर!"

सुमंतनं घाईनं एक कार्ड धोतराच्या सोग्याला पुसलं आणि मशीनमध्ये सरकवलं. मशीनला कार्ड दिसेना.

"थांबा, दुसरं आहे," तो हसून म्हणाला. दुसरं आत गेलं. खेळांची चिन्हं पडद्यावर आली, थरथरली आणि विझली. मग त्यानं आपली बोटं पाहिली. ओली, लाल.

त्यानं दोन्ही कार्डं स्पिरिटनं पुसली, खोडरबरानं घासली, उन्हात धरली. पुन्हा घातली. पुन्हा काढली. शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं लांबूनच हात जोडले, "बेकायदा चिप बसवलेलं मशीन, बाबा. मी नाही हात लावणार." मयूरी देवासमोर जाऊन बसली होती; तिथून ती उठेना.

दारात माणसं वाढत होती.

"दादासो, गेलं सगळं," अखेर सुमंत म्हणाला. "तुमची गाडीपण."

"आनि ते दुसरं? जपून ठिवलेलं?"

"तेही ताटातच होतं."

"कुकू कुनी लावलं?"

"मी."

दादासोंनी कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "आवं, ट्रॅक्टरला आमी बी लावतो की. बॉनेटला लावतो गड्या, डिझेलच्या टाकीत न्हाई वतत."

कुणीतरी हसलं. सुमंतनं कपाटातलं कोरं कार्ड काढून लावलं आणि खुर्ची पुसली. "बसा ना. आज पैसे नकोत. पहिल्यापासून सुरू करू."

"पयल्यापासनंच करायचं, तर मग..." दादासोंनी वाक्य सोडून दिलं. सोनं म्हणून आणलेली आपट्याची पानं त्यांनी सुमंतच्या हातावर ठेवली, खांद्यावर थोपटलं आणि पार्लरकडं रस्ता ओलांडला. घोळका त्यांच्या मागून गेला.

आतून मयूरीनं विचारलं, "खेळ आले का परत?"

सुमंतच्या एका हातात पानं होती, दुसऱ्या हातात खेळायचा रिमोट. पडद्यावर नवा खेळ खेळणाऱ्याचं नाव विचारत होता.