मामांचा न उतरवायचा तंबू

आमच्या मामांबरोबर कुणाच्या घरी जायचं म्हणजे मला लाज वाटते, आणि तरी मी एकही संधी सोडत नाही, कारण मजा फार येते. यजमान दारात "या, या" करत उभे असतात आणि मामांची नजर त्यांच्या डोक्यावरून थेट छताला. पंख्याच्या हुकाला दोर बांधता येईल का, मधे खांब लागेल का, दार अरुंद आहे तेव्हा जाड माणसं आधी आत घ्यावी लागतील, एवढं सगळं मनात झालं की मग ते यजमानांकडे बघून हसतात. जन्मभर तंबू उभारले या माणसाने. लग्नांचे, भाषणांचे, फुलांच्या प्रदर्शनांचे. आवाज असा, की दवाखान्यात ते कुणाच्या कानात कुजबुजले तर शेजारच्या खोलीतला पेशंट उत्तर देतो. उघड्या मैदानात वाऱ्याशी भांडून भांडून तो तसा झालाय.

त्यांच्या धंद्याचा एकच नियम होता. पाहुणे बाहेर पडले की पहिली खुंटी निघाली पाहिजे, कारण पुढच्या मैदानावर दुसरं कुणी तरी वाट बघत असतं. हा नियम हातात इतका भिनला की घरातही सुटला नाही. आमच्याकडे जेवता जेवता कुणी पाणी आणायला उठलं, तर परत येईपर्यंत त्याची खुर्ची घडी होऊन भिंतीला टेकलेली असते. मामीच्या माहेरची माणसं मामांसमोर एकदा बसली की उठतच नाहीत. तहान लागली तरी गप्प.

मग मामांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी शिडी बंद केली. ट्रक विकला, खांब विकले, कनाती विकल्या. एक पांढरा, गोल, मधल्या एकाच खांबावर उभा राहणारा तंबू तेवढा कुणी घेतला नाही, कारण त्यात माणसं फार मावत नाहीत. तो माळ्यावर पडून राहिला आणि मामा खाली खुर्चीत. आवाजसुद्धा माणसांसारखा झाला, म्हणजे बघा.

त्यांचा मुलगा, आमचा दादा, शहरात नोकरीला. त्याने पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. "लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे, दोघं इथे या," असा त्याचा रोजचा धोशा. दादा वाईट नाही. फक्त समोरचा 'हो' म्हणेपर्यंत तो तेच वाक्य बोलत राहतो. मामा म्हणायचे, "तुझी आई म्हणेल तसं." आणि मामीला तर मुळीच जायचं नव्हतं. या घरामागे उतार आहे, उताराखाली तळं आहे, आणि सकाळचा चहा तळ्याकडे बघत घेतल्याशिवाय तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. फ्लॅटवर ती आठवडाभर राहून आली होती. "खिडकी उघडली की समोरच्यांच्या कपात डोकावल्यासारखं होतं," म्हणाली.

एके दिवशी ती फोन नाचवत मामांसमोर आली. फोनवर फोटो होता. तंबू, तंबूत पलंग, पलंगावर ढीगभर उशा, शेजारी अंघोळीचा टब. याला ग्लॅम्पिंग म्हणतात आणि लोक यासाठी हौसेने लांबून येतात, हे तिने समजावून सांगितलं.

मामांनी फोन हातभर लांब धरला. "किती माणसं बसणार यात?"

"दोन."

"दोनच? मग भाषण कोण करणार?"

"कुणी नाही करणार, अहो. झोपणार."

"माझ्या तंबूत लोक झोपायचेच," मामा म्हणाले, "पण ते भाषणामुळे."

मामी पोट धरून हसली, कारण कितीतरी दिवसांनी मामा काही तरी बोलले होते. त्याच दुपारी तिने दादाला फोन लावून सौदा केला. पहिले पाहुणे आले आणि शनिवार-रविवार राहून खूश होऊन गेले, तर फ्लॅटचं नाव काढायचं नाही. नाही झाले, तर ती स्वतः सामान बांधेल. दादा म्हणाला, "ठीक आहे. रविवारी दुपारी मी स्वतः बघायला येतो." फोन ठेवल्यावर मामी मला म्हणाली, "मी कबूल केलं खरं, पण पाहुणे खूश झाले नाहीत तर?" मी मागच्याच गल्लीत राहते आणि शिवणकाम करते. मामा-मामी गेले तर मी दुपारी भांडायला कुणाकडे जाऊ?

मग जी धांदल उडाली ती उडाली. पडदे आणि उशांच्या खोळी माझ्या गळ्यात पडल्या. मामी दर दिवसाआड रंग बदलायची आणि मी दर दिवसाआड मशीन सोडून जाण्याची धमकी द्यायचे. सुताराने उतारावर लाकडी ओटा ठोकला. टब मामीने एका बंद पडलेल्या हॉटेलातून उचलला, चार नक्षीदार पायांचा, आणि असा जड की टेम्पोवाल्याने तो गल्लीच्या तोंडाशी उतरवला आणि हात जोडले. शेवटी सुताराने आणि मी तो उलटा डोक्यावर घेतला. दोघांची डोकी टबात, पाय तेवढे बाहेर, आणि मामा काठी टेकत पुढे चालत ओरडतायत, "डावीकडे! माझ्या डावीकडे!" टबात त्यांचा आवाज असा घुमला की सुतार दचकून थेट न्हाव्याच्या दुकानात शिरला. अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक उठून पळालं. मी टबाच्या आत इतकी हसले की मला उचकी लागली, ती घर येईपर्यंत थांबली नाही.

तंबू मात्र मामांनीच उभा केला, खुर्चीत बसून. सुताराने ठोकायचं, मी ओढायचं, मामांनी नुसतं बोट दाखवायचं. छत ताणलं गेलं, कापड टण्ण वाजलं, आणि मामा खुर्चीतून उठून त्याच्याभोवती लंगडत चक्कर मारून आले. मामीने आत पलंग लावला, उशा रचल्या, पडदा बाजूला सारला, आणि एवढ्या जोरात "अहो!" म्हणाली की तळ्यावरचे बगळे उडाले.

दार रस्त्याकडे होतं. पलंगावर पडलं की समोर शेजाऱ्यांचे वाळत घातलेले लेंगे.

"तंबूचं दार रस्त्याकडेच असतं," मामा म्हणाले. "पाहुण्याला लांबून दिसलं पाहिजे, कुठून शिरायचं ते."

"पाहुणे दोन आहेत! मी त्यांना हाताला धरून आणीन! लोक तळं बघायला येतायत, लेंगे नाही!"

"मग उतरवावा लागेल," मामा म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला की मामीला पुढे रागावताच येईना. त्यांनी बघता बघता तंबू उतरवला, फिरवला, पुन्हा उभा केला. आता पलंगावरून सगळं तळं दिसत होतं. मामी उशांवर पडून बघत राहिली आणि आम्ही तिला उठवेपर्यंत उठली नाही.

शनिवारी पाहुणे आले. दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टर बारीक आणि हळू बोलणारे. बाई धिप्पाड, आणि हसणं असं की मामांना प्रथमच तोडीचं कुणी भेटलं. तंबू बघून त्या टाळ्या वाजवत ओट्यावर चढल्या, पलंगावर बसून उसळ्या मारून पाहिल्या, टबात बूट घालूनच बसून पाहिलं. मामी मला चिमटे काढत होती. मामा प्रत्येक दोर तपासून आले.

रविवारी सकाळी न्याहारी करून दोघं तळ्याला चक्कर मारायला निघाले. फाटकाशी बाईंनी हात हलवला. मामी आणि मी दुपारसाठी भाजी आणायला बाजारात गेलो. मामीला आज तरंगल्यासारखं झालं होतं. तिने भाजीवाल्यालासुद्धा तंबूचे फोटो दाखवले.

परत आलो तर घरामागे तंबू नव्हता.

ओटा होता. ओट्यावर उघड्या आकाशाखाली पलंग होता, उशा होत्या, दिवा होता, पलंगाखाली डॉक्टरांच्या सपाता जोडीने ठेवलेल्या होत्या. टब रिकामा केला होता आणि त्याचं सगळं पाणी ओट्यासमोर सांडून चिखल झाला होता. आणि मधोमध मामा, तोंडाने शीळ घालत, तंबूच्या कापडाची शेवटची घडी दाबत होते.

"झालं!" त्यांनी आम्हाला बघून आनंदाने हाक दिली. "एकट्याने! गुडघा दुखलाही नाही!"

"अहो," मामीच्या हातून पिशवी पडली, "अहो, हे काय केलंत?"

"पाहुणे गेले ना?"

"फिरायला गेलेत! संध्याकाळपर्यंत आहेत ते!"

मामांनी फाटकाकडे बघितलं, सपातांकडे बघितलं, हातातल्या घडीकडे बघितलं. मग ते जमिनीवरच बसले. मामी पलंगावर बसली. "संपलं," ती म्हणाली. "येईलच तो आता. सामान बांधायला घेते मी." मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी उघड्यावर ऐटीत मांडलेला तो पलंग बघून हसूही येत होतं. दोन्ही एकदम आलं आणि माझं थोबाड कसं दिसलं असेल ते देव जाणे.

त्यात पाहुणे परतले. डॉक्टर ओट्याशी थांबले. चष्मा पुसून पुन्हा घातला. "आमची खोली कुठे गेली?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी एकदा पलंगाकडे, एकदा मामांच्या मांडीवरल्या घडीकडे पाहिलं, आणि अशा हसत सुटल्या की आधाराला त्यांना टबाची कड धरावी लागली. मामा उठले. ज्यांची कुजबुज शेजारच्या खोलीत ऐकू जायची, ते आज खरंच कुजबुजल्यासारखं बोलले. "चूक झाली माझी. जन्मभर एवढंच केलं. पाहुणे उठले की उतरवायचा. उभा ठेवायचा कसा, ते मला येत नाही."

"उभा करता येतो ना?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मग करा! मला बघायचाय."

झालं. मामांचा आवाज परत आला. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या आणि हातोडा घेतला. "खुंटी उपटायला सांगाल तर माझा हात बसलेला आहे," ते म्हणाले, "ठोकायची सवय नाही." पहिला घाव मातीत गेला, दुसरा चिखलात आणि चिखल माझ्या तोंडावर. बाईंनी मधला खांब एकटीने मिठीत धरला. मामी कापड ओढत होती, मी दोर ओढत होते, आणि मामा खुर्चीवर चढून उभे होते, जे डॉक्टरांनी बंद केलं होतं, पण हजर डॉक्टर दाताचे असल्याने कुणी काही म्हणालं नाही.

नेमकी तेव्हाच दादाची गाडी आली. तो उतरला आणि आ वासून उभा राहिला. कापड एका बाजूने उडत होतं, मामांची नजर खांबाच्या टोकावर होती, कोण आलंय हे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "ए! नुसता उभा काय? दोर धर!" ते गरजले.

आणि दादाने, इस्त्रीच्या शर्टात, चकचकीत बुटांनी थेट चिखलात उडी मारून दोर धरला. लहानपणी दर सुट्टीत धरायचा तसा, टाच मातीत रोवून. "अजून!" मामा ओरडले. "अजून!" दादा ओरडला. बाई ओरडल्या, डॉक्टरसुद्धा ओरडले, आणि कापड टण्ण वाजून ताठ झालं.

सगळे धापा टाकत हसत होते. बाई म्हणाल्या, "आम्ही आणखी एक रात्र राहतो. चालेल ना?" मामी दादाकडे बघत होती. दादाने खुर्चीवर उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा लाल झाला होता, श्वास चढला होता, आणि ते सुखाने नुसते फुलले होते. मग दादा वळला आणि गाडीकडे गेला. त्याने मागचं झाकण उघडलं. आत सामान बांधायचे रिकामे खोके रचून ठेवले होते.

मामीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

दादा काखेत चार खोके घेऊन आला. ओट्यासमोर थांबून त्याने एकेक फाडून सपाट केला आणि चिखलावर अंथरला, तंबूच्या दारापर्यंत. "पाहुण्यांचे बूट खराब होतील," तो खाली बघूनच म्हणाला.

"अजून आहेत?" मामीने विचारलं.

"आहेत."

"सगळे आण."