सहा नंबरचा ससा

कॉम्प्युटर आणि ससे एकाच इमारतीत ठेवले की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. परभणीच्या आमच्या जनावरांच्या लॅबमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी तिथं टेक्निशियन होतो. काय चाललंय ते तेव्हा कळत नव्हतं, आणि आता कळलंय असं छातीठोकपणे सांगवत नाही.

वंदना कांबळे पीएच.डी. करत होती. घटसर्पाची लागण झालेला ससा कधी आजारी पडेल, जगेल की मरेल, हे कॉम्प्युटरनं आधी सांगायचं, मग खऱ्या पिंजऱ्यांशी ताडून बघायचं. जुळलं तर डिग्री. पालमला तिच्या मास्तर वडिलांनी पेढे वाटूनही टाकले होते.

*

कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर, ससे खाली. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर चार नंबर मेला. पिंजरे सांभाळणाऱ्या गफूरभाईंनी चार नंबरचा घास लगेच बंद केला. मेलेल्याचा खुराक त्याच दिवशी बंद, हा आमचा नियमच होता.

"भाई, ह्यो तर जित्ता हाय की. उपाशी का ठेवला?" वंदनानं विचारलं.

"मग वर कोन मेला, मॅडम?"

*

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. एसी, गालिचा, दसऱ्याला झेंडूचा हार. एकदा वजन पुन्हा बघायला वंदनानं सहा नंबर वर मागवला. भाईंना यायला बराच उशीर झाला आणि ससा निम्मा ओला.

"पाय धुऊन आनलाय," भाई म्हणाले.

*

शेवटी सगळे ससे जुळले, फक्त सहा नंबर सोडून. कॉम्प्युटर त्याला दरवेळी मारायचा आणि तो खाली निवांत घास खायचा. वंदनाचे गाईड देशमुख सर प्रोग्रॅम परतपरत चालवून वैतागले, खाली गेले आणि पिंजऱ्यासमोर बसून म्हणाले, "तुमचं नेमकं काय ठरलंय?"

सर सशाला अहोजाहो करतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

*

मग तोंडी परीक्षा. नागपूरहून आलेले परीक्षक बूट काढून मोज्यांवर बसले. त्यांनी सगळं वाचलं, खाली जाऊन सहा नंबर बघून आले.

"याला लागणीचं इंजेक्शन खरंच टोचलं होतं का?"

टोचायच्या दिवशी नामांतराचा बंद होता. कोण आलं होतं, कुणी टोचलं, कुणालाच नीट आठवेना. सरांनी भाईंकडं बघितलं, भाईंनी माझ्याकडं, मी छताकडं. वंदनाचा चेहरा पार उतरला. एका सशापायी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार म्हणून मला फार वाईट वाटलं.

ती हळूच म्हणाली, "सर, कॉम्प्युटरमधल्या सशाला तरी कुणी टोचलं होतं?"

परीक्षक स्क्रीनकडं बघत राहिले. मग चष्मा पुसला.

"चहा सांगा," ते म्हणाले, "डॉक्टर कांबळे."