शहाळे आणि वाळका नारळ

पृथ्वीने आजवर जितक्या माणसांना धरून ठेवले आहे, त्या सगळ्यांत तिचे उपकार उठता-बसता आठवणारा माणूस मी एकच पाहिला. तो डोंबिवलीत, आमच्या शेजारच्या खोलीत राहत असे. स्वातंत्र्य नुकतेच आले होते. आम्ही दोघे एकाच शाळेत मास्तर. मी मराठी शिकवायचो, ते शास्त्र. शास्त्रात उष्णता, प्रकाश, चुंबक असे आणखीही धडे असतात, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते. जूनमध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षण काढले की दिवाळीची सुटी त्यातच लागायची. अंगाने इतके किडकिडीत, की पृथ्वीला त्यांच्यात ओढण्यासारखे फारसे काही सापडत नसावे. तरी तिची बाजू ते वकिलासारखी लढवत.

कुणाच्या हातात वस्तू देणे त्यांना ठाऊकच नव्हते. मी खाली अंगणातून किल्ली मागितली, की ते वरच्या गॅलरीतून किल्ली आणि विटेचा तुकडा एकदम सोडीत आणि विचारीत, "बघितलंत? दोन्ही बरोबरच पोचली की नाही?" मी मात्र विटेचा तुकडा चुकवण्याच्या गडबडीत काहीच बघितलेले नसे. वाण्याने शेरभर साखर तोलली, की हे त्याला चंद्रावर नेत. "वजन म्हणजे ओढ. चंद्राची ओढ इथल्या ओढीच्या सहावा हिस्सा. स्प्रिंगच्या काट्याला टांगलीत तर हीच साखर तिथे पावणेतीन छटाक भरेल. पण तुमच्या तराजूत शेरच भरेल, कारण तुमचं मापही तेवढंच हलकं होईल. साखर तितकीच राहते, ओढ बदलते." वाण्याने पुडी बांधता बांधता शांतपणे सांगितले, "मग मास्तर, दुकान इथंच बरं आहे."

एकदा शाळेच्या पायरीवरून ते सगळ्या सातवीसमोर आपटले. पडले तरी नाक वर म्हणतात, ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. पडल्या जागेवरूनच त्यांनी प्रश्न टाकला, "मी पृथ्वीकडे आलो. पृथ्वी माझ्याकडे आली का?" मुले म्हणाली, "नाही." "आली. मीही तिला तेवढ्याच जोराने ओढलं. ती फार जड आहे, म्हणून तिचं येणं दिसत नाही." मग त्यांनी धोतर झटकले आणि उरलेला तास लंगडत घेतला.

याच सातवीत चांगुणा नावाची मुलगी होती. खाडीकाठच्या तिच्या पाड्यातून सातवीपर्यंत आलेली ती पहिलीच. सातवीअखेरची फायनलची परीक्षा पास झाली, तर तिला शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळण्यासारखी होती. जड आणि हलकी वस्तू वरून सोडली तर एकदमच खाली येतात, हे मास्तरांचे वाक्य तिने घरी जाऊन बापाला ऐकवले. बाप गोमा माडावरून नारळ उतरवायचा. दुसऱ्या दिवशी चांगुणा शाळेत आली नाही. गोमा आला. त्याच्या बोलीत अहोजाहो नव्हतेच.

"मास्तर, पोरीला खोटा शिकवतंस. चालीस वरसा माडावर चढतंय मी. झावली तरंगत येतं, शहाला धबकन येतं. जड ते पयला. असा खोटा शिकायला मना पोर धाडायची नाय."

"झावळीला हवा अडवते," मास्तर म्हणाले. "ती पसरट आहे. तू शहाळं आणि वाळका नारळ सोडून बघ. एक जड, एक हलका, पण आकार सारखाच."

गोमा भला माणूस. त्याने खरेच सोडून बघितले. पण दोन्ही एकदम काही सुटेनात. "एक हात नारलाचा, एक हात माडाचा," तो वरून म्हणाला. "माडाचा सोडला तं मीच पयला येन." मास्तरांनी तोड काढली : दोन्ही नारळ सुतळीने एका जागी टांगायचे आणि सुतळ्या एका घावात कापायच्या. गोमाने विचार करून विचारले, "कोयता मी मारनार, तं खालून बगनार कोन?" दुसऱ्याच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. "तू खाली उभा राहा. मी चढतो."

मी हात जोडले. म्हटले, अहो, पन्नाशी उलटली तुमची. ते म्हणाले, "पोर फायनलला बसली पाहिजे." पुढे पंधरा दिवस रोज सकाळी पायांत काथ्याची दोरी अडकवून ते खाडीकाठच्या एका माडाशी झगडत होते. पहिल्या दिवशी हातभर चढले. चौथ्या दिवशी पुरुषभर चढले आणि तेवढेच पडले. मांड्या सोलवटल्या, घरात बायकोने बोलणे टाकले, पण गडी हट्टाला पेटलेला. सोळाव्या दिवशी, रविवारी, सगळा पाडा जमला. नारळ गोमाने आधीच टांगून ठेवले होते. मास्तर कमरेला कोयता खोचून चढत गेले, थांबत गेले, आणि शेवटी झावळ्यांत त्यांचे टक्कल दिसले. चांगुणा माझ्याशेजारी उभी होती. तिने माझ्या कोटाची बाही कधी धरली ते मला कळले नाही. कोयता चमकला. दोन्ही नारळ खाली आले आणि एकच आवाज झाला.

गोमाने जमिनीकडे पाहिले, मग वर पाहिले. "उद्या धाडतो पोरीला," तो म्हणाला. "तू आता हलू उतर."

मास्तरांना उतरता येईना. शेवटी गोमाच वर गेला आणि त्यांचे एकेक पाऊल आपल्या खांद्यावर घेत त्यांना खाली आणले. जमिनीला टेकल्यावर मास्तर म्हणाले, "चढताना पृथ्वी नुसती अडवते. उतरताना तिला फार उत्साह येतो."

चांगुणा पास झाली. पुढे आंबिवलीकडच्या एका शाळेत तिला नोकरी लागली, तेव्हा गोमा शहाळी घेऊन माझ्याकडे आला. मास्तर तोवर निवृत्त होऊन कल्याणला मुलाकडे राहायला गेले होते. त्या रविवारची गोष्ट निघाली.

"दोन आवाज आलते," गोमा म्हणाला. "शहाला पयला, नं लगेच वालका. नारलाचा आवाज मना कलतं."

हलक्या नारळाला हवेने केसभर अडवले असणार. चाळीस वर्षांच्या कानालाच तो फरक कळावा. मी विचारले, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"वर बगला. तो माडाला कवलून व्हता, पाय लटलट कापत व्हते. खोटा शिकवनारा मानूस यवढा वर कशाला चढंल?"

मास्तर आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. ते होते तोवर मी कल्याणला त्यांना भेटायला जात असे. गोमाचे बोलणे दरवेळी ओठांवर येई आणि मी ते गिळून टाकी. सांगितले असते, तर त्या वयातही ते पुन्हा माडावर चढले असते.